सिंगापूरच्या प्रदर्शनात इंदूरची शेव

मागच्या अंकात परदेशातल्या खाद्यप्रदर्शनांविषयी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच जागेबद्दल आहेत, सिंगापूर एक्स्पो, म्हणजे तिथलं भलंमोठं प्रदर्शन केंद्र. म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते. नव्या वाचकांसाठी सांगते, इंदूरच्या पालद्यात माझी स्टॉल बांधायची कार्यशाळा आहे. आपल्याकडच्या कारखानदारांचा माल, बॅनर आणि माणसं प्रदर्शनाच्या दारापर्यंत नीट पोचवणं हाच माझा धंदा. उत्तरं त्या बाजूने येतील. खरेदी आणि सहल यांबद्दल विचारणाऱ्यांना माझा फारसा उपयोग नाही.

प्रश्न : ताई, सांवेर रोडवर आमचा नमकीनचा लहान कारखाना आहे. मी आणि यजमान दोघंच सगळं बघतो. एप्रिलमध्ये सिंगापूर एक्स्पोत भरणाऱ्या खाद्यप्रदर्शनात नऊ चौरस मीटरचा स्टॉल घ्यावा असं मुलगा म्हणतो. जागेचे फोटो बघितले आणि छातीत धडकीच भरली. एवढ्या मोठ्या ठिकाणी आम्हाला कोण विचारणार? — एक वाचिका, सुदामानगर, इंदूर

वहिनी, जागा आहेच तशी. दहा दालनं, मिळून १,००,००० चौरस मीटर, म्हणजे छपराखालची जवळजवळ २५ एकर जमीन. १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा सहा दालनं होती, बाकीची मागाहून जोडली. पण तिथे येणारा खरेदीदार पंचवीस एकर पालथे घालत नाही. मलेशियातून नाहीतर इंडोनेशियातून आलेल्या आयातदाराकडे एखाद-दोन दिवस असतात. कोणाला भेटायचं ते तो घरूनच ठरवून येतो. प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर सहभागी कंपन्यांची यादी असते. ती चाळतो, मालाच्या प्रकाराप्रमाणे गाळतो आणि भेटीच्या वेळा मागून घेतो. त्या यादीत तुम्हाला मिळणारी ओळ आणि दोनशे चौरस मीटर घेणाऱ्या कंपनीला मिळणारी ओळ सारखीच असते. लहान कारखानदार तीच ओळ वाया घालवतात. 'ऑल टाइप नमकीन' एवढं लिहितात आणि मोकळे होतात. तुम्ही 'बेसनाची लवंग शेव, शेंगदाणा तेलात तळलेली', किती ग्रॅमची पाकिटं, किती महिने टिकते, महिन्याला किती टन देऊ शकता, असं सगळं भरा. तुम्हाला विचारणारा माणूस त्या ओळीवरून येणार आहे.

आता माझं स्पष्ट मत. जो आजवर कोणत्याच प्रदर्शनात उभा राहिलेला नाही, त्याने पहिला स्टॉल सिंगापुरात लावू नये. दर मार्चमध्ये दिल्लीत भारत मंडपमला 'आहार' हे खाद्यप्रदर्शन भरतं. रात्रीच्या गाडीने जाता येतं. तिथे उभं राहून बघा. दिवसभरात पायांचं काय होतं, नमुन्याला किती किलो माल लागतो, अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे एकदा कळलं की पुढचं सोपं जातं. सिंगापूरला त्या वर्षी नुसतं बघायला जा. तुमचा मुलगा ज्याबद्दल बोलतोय ते खाद्य आणि हॉटेल व्यवसायाचं जुनं प्रदर्शन आहे, १९७८ पासूनचं. एक वर्ष थांबल्याने ते कुठे पळून जात नाही. अपेडा ही केंद्र सरकारची संस्था वेगवेगळ्या देशांतल्या खाद्यप्रदर्शनांत भारताचं दालन उभारते, त्यातही जागेची चौकशी करा. लहान कारखान्याला ते दार पुष्कळदा स्वस्त पडतं.

आणि मुलाने आगाऊ रक्कम भरून टाकली असेल, तर आता पुढचं नीट वाचा.

जागा पक्की झाली की आयोजकांकडून एक्झिबिटर मॅन्युअल, म्हणजे स्टॉलवाल्यांसाठीची नियम आणि फॉर्म यांची पुस्तिका, येतं. जाडजूड फाइल असते. इंग्रजी बघून लोक ती मुलाच्या नाहीतर सीएच्या मेलवर ढकलतात आणि विसरतात. माझ्या अनुभवात प्रदर्शनाचा निम्मा खर्च आणि जवळजवळ सगळा मनस्ताप या न वाचलेल्या फाइलीतून येतो. ती छापून घ्या. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच्यावरच तिच्यातल्या तारखा लाल पेनाने उतरवा. स्टॉलच्या पाटीवरचं नाव कळवण्याची तारीख, विजेच्या जोडणीची, जादा टेबल-खुर्च्यांची, बिल्ल्यांची, माल गोदामात पोचण्याची. प्रत्येकाची वेगळी असते. तारीख टळली की दर चढतो, आणि काही गोष्टी मग मिळतच नाहीत. आपल्या इंदुरात शेवटच्या रात्री फोन केला तरी कोणी ना कोणी भिया टेम्पो घेऊन हजर होतो आणि सकाळपर्यंत काम उभं राहतं. हा आपल्या शहराचा मोठा गुण आहे, मी त्याच्यावरच धंदा केला. तिथे मात्र फॉर्म नाही तर पॉइंट नाही.

विजेचंच घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच, २३०. पण सॉकेट चपट्या तीन पिनांचं, आपली गोल पिन त्यात जात नाही. रात्री दालन बंद झालं की स्टॉलची वीजही तोडतात. फ्रिज चालू ठेवायचा असेल तर चोवीस तासांची जोडणी वेगळी मागावी लागते, आणि तिचा फॉर्म त्याच फाइलीत कुठेतरी मागे असतो. नमकीनला फ्रिज नको, पण दह्यावर शेव घालून चाखायला द्यायचा विचार असेल तर ते आत्ताच ठरवा.

आता मालाकडे येऊ. करण्यात तुमचा हात पक्का आहे, त्यात मी काय सांगणार. पाकिटाच्या मागच्या बाजूबद्दल सांगते. बेसनाची शेव आहे म्हणून कोणी 'ग्लूटेन फ्री' छापायला सांगितलं तर आधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारातला बांधलेला हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो. चिमूटभर हिंगाने सगळं पाकीट गव्हाच्या यादीत जातं. सिंगापुरात गहू, शेंगदाणे, दूध, सोया, काजू-बदाम यांसारखे ॲलर्जीचे घटक पाकिटावर सांगावेच लागतात. इंदुरी मिक्स्चरमध्ये दाणे असतात आणि एकाच कढईत सगळं तळलं जातं, हेही लपवू नका. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, शेवेला तो वापरून बघा. दुसरं, वनस्पती तूप. मोहनात किंवा तळणीत कुठेही असेल तर तो पदार्थ नेऊ नका. वनस्पती तुपात असतं त्या अंशतः हायड्रोजनीकृत तेलावर सिंगापूरने जून २०२१ पासून बंदी घातली आहे. हे दोन्ही प्रश्न तिथला आयातदार पहिल्या पाच मिनिटांत विचारतो आणि उत्तर ऐकून पुढे बसायचं की उठायचं ते ठरवतो.

चाखायला देण्याची पण रीत असते. जाणता खरेदीदार आल्या आल्या तोंडात टाकत नाही. शेवेची एक काडी दोन बोटांत धरून मोडतो, आवाज ऐकतो. तुकडा टिपकागदावर दाबतो आणि तेलाचा डाग किती पसरतो ते बघतो. मग पाकीट उलटं करून घटक वाचतो. चव सगळ्यात शेवटी. म्हणून टिपकागद तुम्हीच समोर ठेवा. त्याने खिशातून रुमाल काढायची वाट बघू नका. माल एकदम मोठ्या थाळीत ओतून ठेवू नका. सिंगापूरची हवा बारा महिने दमट, दालनात एसी असला तरी शटर उघडंमिटं होत असतं, आणि तासाभरात शेव सादळायला लागते. पाव किलोची पाकिटं न्या, एक फोडा, संपलं की दुसरं. कागदाच्या छोट्या वाटीत बोटभर शेव पुरे. तिखट कमी करू नका. त्या भागातले लोक मिरची आवडीने खातात, आणि मिळमिळीत शेव न्यायची तर इंदूरहून कशाला न्यायची? जीरावणाची, आपल्या त्या इंदुरी भुरभुरायच्या मसाल्याची, एक बरणीही ठेवा, ती लोकांना नवी असते आणि बोलायला विषय होतो. पैसे घेऊन मात्र काही विकू नका. तिथे खाद्यपदार्थ आयात करणाऱ्याला त्यांच्या खाद्य विभागाची नोंदणी किंवा परवाना लागतो, नमुने म्हणून आलेला माल विकण्यासाठी नसतो.

प्रश्न : मी नवलखा भागात फ्लेक्स, सनमायका आणि दुकानांच्या फर्निचरचं काम करतो. एका पार्टीने सिंगापूर एक्स्पोत ३६ चौरस मीटरची रॉ स्पेस घेतली आहे आणि स्टॉल मीच बांधावा असा त्यांचा आग्रह आहे. माझे चार सुतार घेऊन गेलो तर चालेल का? आणि दालनात खांबच नसतात म्हणे, मग वरून बोर्ड कशाला टांगायचा? — एक वाचक, इंदूर

दादा, सुतार नेता येणार नाहीत. तुमच्या पार्टीची माणसं स्टॉलवर उभी राहून माल दाखवू शकतात. प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांना तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाला ऑनलाइन कळवून तेवढी मुभा मिळते. करवत-हातोडी घेऊन मजुरीचं काम करणं ही वेगळी गोष्ट, ते व्हिजिट पासवर चालत नाही. यात पळवाट शोधू नका, पार्टीचं नावही खराब होईल.

पण काम तुमच्या हातून जातंय असं समजू नका. रॉ स्पेस म्हणजे नुसती आखलेली मोकळी जमीन; भिंत, गालिचा, दिवा काहीच नसतं. तिच्यावर काय उभं राहणार हे ठरवणं हे अर्ध्याहून जास्त काम आहे आणि ते इंदुरात बसून होतं. डिझाइन तुमचं, मापं तुमची, छापील कापड तुमचं, सुट्टे होणारे पॅनेल तुमचे. उभारणी तिथल्या ठेकेदाराकडून करून घ्या आणि तुम्ही स्वतः पार्टीचे प्रतिनिधी म्हणून शेजारी उभे राहून बघा. फ्लेक्स नेऊ नका. ताणून बसवायचं कापड न्या, घडी घालून बॅगेत जातं आणि सुरकुती पडत नाही. ते आग लवकर न पकडणारं आहे याचा दाखला कापडवाल्याकडून आधीच घ्या, तो मागतात. लाकडी पेटीतून काही पाठवणार असाल तर पेटीवर उष्णता दिल्याचा गव्हाच्या कणसाच्या चिन्हाचा शिक्का असू द्या, बऱ्याच देशांत त्याशिवाय पेटी अडते. पार्टी तळणीचं नाहीतर पॅकिंगचं मशीन दाखवायला नेऊन परत आणणार असेल तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्नेट हा कागद काढायला सांगा. त्यावर मशीन तात्पुरतं जातं आणि आयात शुल्क न भरता परत येतं. खायचा माल त्यात बसत नाही, कारण तो परत यायचा नसतो. हा घोळ पुष्कळजण करतात आणि शेवेच्या पेट्या मशीनच्या कागदांत घालून ठेवतात.

खांबांचं तुम्ही विचारलंत ते मला आवडलं, कारण आपल्या धंद्यात त्याच्यावरच सगळं ठरतं. मधे खांब आला की दोन स्टॉल वाया जातात, रांग तुटते, ट्रक वळत नाही. म्हणून मोठ्या दालनांचं छप्पर लांबलचक लोखंडी कैच्यांवर, म्हणजे त्रिकोणी जोडांच्या सांगाड्यांवर, तोलून धरलेलं असतं आणि खालची जमीन सलग मोकळी मिळते. त्या मोकळेपणाचा उपयोग किती तऱ्हेने होतो बघा: २०२० मध्ये कोविडच्या लाटेत याच दालनांत ओळीने खाटा मांडून रुग्णांना ठेवलं होतं. बोर्ड टांगायचा तर त्या वरच्या लोखंडालाच टांगतात, पण आपण शिडी लावून नाही. कुठे, किती किलो, हे नकाशावर दाखवून आधी परवानगी घ्यायची आणि टांगणारी माणसं जागेवाल्यांनी नेमलेलीच.

छपराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, तुम्ही जमिनीकडे बघा. मोठ्या प्रदर्शनांच्या दालनांत फरशीखालून ठरावीक अंतरावर चर गेलेले असतात, वर लोखंडी झाकणं. वीज, पाणी, सांडपाणी सगळं त्यांतून येतं. तुमच्या ३६ मीटरांत चर कुठून जातो ते नकाशावर शोधा आणि सिंक, मशीन, मीटर त्याच्या जवळ धरा. नाहीतर वायर आणि नळी झाकायला सगळा स्टॉल चार इंच उचलावा लागतो, आणि उचलला की कडेला उतार द्यावा लागतो. हे डिझाइन मंजूर झाल्यावर कळलं तर पैसे कोणाच्या खिशातून जातात हे तुम्हाला सांगायला नको.

एक आणखी. उभारणीच्या दिवसांत एसीचा गारवा मिळेल असं धरून चालू नका. शटर सताड उघडी, ट्रक आत-बाहेर, फोर्कलिफ्टचे भोंगे, आणि घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्या दमट हवेत फेव्हिकॉल आपल्या इंदूरच्या एप्रिलसारखा पटकन वाळत नाही, घाईघाईने चिकटवलेलं विनाइल फुगतं. चिकटवण्याचं काम जेवढं इथे होईल तेवढं इथेच उरका, तिथे फक्त स्क्रू आणि क्लिपा.

प्रश्न : माझ्या मुलीचा मसाल्यांचा स्टॉल आहे. मी ६८ वर्षांची, तब्येत बरी आहे. तिच्या मदतीला जावं का? मी पूर्ण शाकाहारी. तिथे माझा भाचा राहतो, त्याच्यासाठी अनारसे न्यावेत म्हणते. — एक मावशी, रामबाग, इंदूर

जरूर जा मावशी. स्टॉलवर घरचं माणूस असलं की मुलीला जेवायला, भेटीला उठता येतं. एक छोटी घडीची खुर्ची मात्र तिच्याकडून हक्काने मागून घ्या.

मुक्काम लिटल इंडिया भागात ठेवा. तिथून मेट्रोची निळी डाउनटाउन लाइन गाडी न बदलता थेट एक्स्पो स्टेशनला येते, आणि स्टेशनातून बाहेर पडलं की दालनं समोरच. लिटल इंडियात इडली, डोसा, थाळी सकाळपासून रात्रीपर्यंत मिळतं. दुपारचं जेवण म्हणून पराठे-चटणी बरोबर घ्या, पण मेट्रोत डबा उघडू नका. तिथे गाडीत खाण्या-पिण्याला दंड आहे, पाण्याच्या घोटालासुद्धा. विमानतळावर उतरून थेट एक्स्पोला जायचं झालं तर ते मेट्रोचं पुढचंच स्टेशन. व्हिसा आधी काढावा लागतो, अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन मिळतो. आगमनाचं कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर भरू नका.

अनारसे नेऊ नका. खसखशीमुळे. आपल्या मंदसौर-नीमचच्या मुलखात खसखस म्हणजे घरचीच वस्तू, कोणाच्या मनातही येत नाही. सिंगापुरात तिची गणना अमली पदार्थांच्या खात्याकडच्या निषिद्ध मालात होते. मुलीच्या मसाल्यांत कुठे खसखस असेल तर ती पाकिटंही इथेच राहू द्या, हे तिला आजच सांगा. भाच्याला चिरोटे न्या.

प्रश्न : सिंगापूरसारखं एक लहानसं बेट अशी जागा उभारू शकतं, तर इंदूरला का नको? आपल्याकडे व्यापार आहे, पैसा आहे, स्वच्छतेचं नाव आहे. — एक निवृत्त प्राध्यापक, लोकमान्यनगर, इंदूर

सर, मलाही हवी आहे. जानेवारी २०२३ मध्ये ८ ते १० तारखेला प्रवासी भारतीय दिवस आपल्या ब्रिलियंट कन्व्हेन्शन सेंटरला झाला आणि पाठोपाठ ११-१२ ला गुंतवणूकदारांचं संमेलन. शहर सजलं होतं, लोकांनी पाहुण्यांना घरी उतरवून घेतलं, मला अजून आठवून भरून येतं. पण उद्घाटनाला सभागृह अपुरं पडलं, बरेच पाहुणे बाहेर राहिले आणि मुख्यमंत्र्यांना व्यासपीठावरून हात जोडून क्षमा मागावी लागली. मन मोठं आहे, छप्पर लहान आहे. हे त्या दिवशी सगळ्या जगातून आलेल्या माणसांनी बघितलं.

तरीही मी १,००,००० चौरस मीटर मागणार नाही. एक्स्पो चालतं ते दालनांच्या आकारावर कमी आणि भोवतालच्या सोयीवर जास्त. चांगी विमानतळ मेट्रोने एक स्टेशन अलीकडे. दालनं १९९९ मध्ये उघडली आणि २००१ मध्ये मेट्रो दारात आली. स्टेशनचं डिझाइन ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीचं. पुढे २०१७ मध्ये दुसरी लाइनही तिथे आणून जोडली. आपल्याकडे दिल्लीत, तिथल्या द्वारका उपनगरात, यशोभूमी ही प्रदर्शनाची जागा उघडली ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी, आणि विमानतळाची मेट्रो त्याच दिवशी तिथपर्यंत वाढवली. हा क्रम बघा. रस्ता आणि रूळ आधी किंवा बरोबरीने. सिंगापूरला जायला आपल्याला आजही मुंबई नाहीतर दिल्ली गाठावी लागते, तर तिकडचा खरेदीदार इंदूरला कसा येणार?

मला विचाराल तर सुपर कॉरिडॉरच्या बाजूला, जिथे ३१ मे २०२५ पासून मेट्रो धावते आहे आणि विमानतळही जवळ आहे, तिथे एकच दालन बांधावं. दहा-पंधरा हजार मीटरचं, बिनखांबी, जमिनीखाली चर असलेलं, ट्रक थेट आत येईल असं. बाजूला वाढवायला जमीन राखून ठेवावी, जशी एक्स्पोने सहाची दहा दालनं केली. संगमरवराचा दर्शनी भाग नंतर. आपल्याकडे आधी पोर्च बांधतात, कारंजं बसवतात आणि माल उतरवायचं दार मागच्या गल्लीत इतकं अरुंद ठेवतात की चौदा फुटी टेम्पोसुद्धा उलटा घ्यावा लागतो. माझे कामगार रात्री दोन वाजता पाठीवर प्लायवूड वाहतात ते या दारामुळे. तुमच्यासारख्या माणसांचं महानगरपालिकेत, वर्तमानपत्रात वजन असतं. नकाशा जाहीर झाला की कृपा करून मागचं दार किती फुटी आहे हे विचारा. आणि वर्षातले किती दिवस ते दालन भरेल याचं वेळापत्रक मागा. पीथमपूरची औषधं आणि वाहनांचे सुटे भाग, सांवेर रोडचं नमकीन, माळव्याचं सोयाबीन, महेश्वरचं कापड; एवढ्यावर कॅलेंडर भरतं, फक्त कोणीतरी बसून ते मांडायला हवं.

प्रश्न : मागच्या वर्षी आम्ही सिंगापूर एक्स्पोत स्टॉल लावला. पिशवीभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन आलो. सगळ्यांना मेल पाठवला, एकाचंही उत्तर नाही. लाखो रुपये पाण्यात गेले असं घरचे म्हणतात. — एक नमकीन उत्पादक, उज्जैन रोड, इंदूर

'सगळ्यांना मेल पाठवला' यातच उत्तर आहे, दादा. तो आयातदारही त्या आठवड्यात असंख्य स्टॉल फिरला. 'डिअर सर, वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर' अशी ओळ त्याने उघडूनही बघितली नसेल. तरी घरच्यांना सांगा, पैसे अजून पूर्ण बुडालेले नाहीत. खाद्यपदार्थांत पहिल्या भेटीपासून पहिल्या कंटेनरपर्यंत वर्ष सहज जातं: नमुना, प्रयोगशाळा, लेबल, पुन्हा नमुना, भाव.

कार्डं पुन्हा बाहेर काढा. जेवणाच्या टेबलावर पसरा आणि जो कोणी स्टॉलवर उभा होता त्याला शेजारी बसवा. प्रत्येक कार्डावर तो माणूस काय बोलला ते आठवेल तेवढं मागे लिहा. ज्याच्याबद्दल दोघांनाही काहीच आठवत नाही ते कार्ड बाजूला काढा. उरतील ती थोडी असतील, तीच तुमची खरी कमाई. पुढच्या वेळी हे लिखाण स्टॉलवरच, माणूस वळला की लगेच करायचं, आणि कार्डाला चाखवलेल्या पाकिटाचा नंबर स्टेपल करायचा.

मग एकेकाला वेगळं पत्र. लहान असू द्या. इंग्रजीत कोणाकडून करून घ्या, पण मजकूर असा असावा:

'आपण दालनात आमच्या स्टॉलवर आलात तेव्हा लसूण शेवेचं पाकीट मागून घेतलं होतंत आणि तेल कोणतं असं विचारलं होतंत. ते शेंगदाणा तेल आहे. आपण सांगितल्याप्रमाणे हिंग बदलून तांदळाच्या पिठात बांधलेला घेतला आहे. नव्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल आणि लेबलचा मसुदा सोबत आहे. १५० ग्रॅमच्या पाकिटाचा न्हावा शेवा बंदरापर्यंतचा भाव खाली दिला आहे. नवा नमुना पाठवू का?'

एवढंच. कंपनीचा इतिहास नको, आजोबांनी गाडीवर सुरुवात केली ते नको, चाळीस पानांचा कॅटलॉग तर मुळीच नको. शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल. भाव लिहिताना पीथमपूरजवळच्या तिहीच्या कंटेनर डेपोपासून बंदरापर्यंतचं भाडं धरलंय ना ते मुनीमजींकडून तपासून घ्या. पहिल्या पत्रात एक भाव आणि दुसऱ्यात दुसरा दिसला की समोरचा गप्प होतो आणि पुन्हा बोलत नाही.

पत्राला उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी फोन करा, सकाळी साडेआठच्या सुमारास. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास असतं, तेव्हा तिकडे अकरा वाजलेले असतात आणि माणूस जागेवर सापडतो. 'हो' म्हणाला तर आनंदाच्या भरात लगेच कुरिअरवाल्याला बोलावू नका. त्याच्याकडून आधी आयात नोंदणीचा क्रमांक आणि पाकिटावर कोणाचं नाव टाकायचं ते लेखी घ्या, आणि मग पाठवा.